'एलिअनेट' म्हणजे काय? एलियनचा सख्खा नातेवाईक असलेला हा शब्द नंदुरबारच्या जमिनींशी कसा जोडला गेला?

'एलियन' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? 'कोई मिल गया'मधला निळा जादू किंवा उडत्या तबकडीतून उतरणारा कोणीतरी. पण याच शब्दाच्या घरातलं एक क्रियापद गेली कित्येक शतकं कोर्टात, तहसील कचेरीत आणि जमिनीच्या कायद्यांत मुक्काम ठोकून बसलंय. ते क्रियापद म्हणजे 'एलिअनेट'.

मोबाईलमधल्या डिक्शनरीत हा शब्द टाकला तर 'दुरावणे', 'परके करणे', 'तोडणे' असे अर्थ दिसतात. मित्र दुरावतो, मतदार दुरावतात, तसं. मग जमीन दुरावते म्हणजे नेमकं काय होतं?

नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न नुसता शब्दकोशाचा राहत नाही. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजारांच्या आसपास होती आणि त्यातले जवळपास ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, तडवी, धानका अशा समाजांच्या जमिनी कोणत्या नियमांनी हातात राहतात आणि कोणत्या वाटेने हातातून जातात, हे सगळं या एका क्रियापदाभोवती फिरतं. वनहक्क कायद्यात हा शब्द आहे, पेसा कायद्यात आहे. त्याचा अर्थ 'विकणे' एवढाच धरला तर मोठी फसगत होऊ शकते.

म्हणून हा शब्द नीट समजून घेऊया.

शब्द आला कुठून?

लॅटिन भाषेत 'एलियस' म्हणजे दुसरा. त्यापासून 'एलिएनस' झाला, म्हणजे दुसऱ्याचा, परक्याचा. आणि त्यापासून क्रियापद तयार झालं 'एलिएनारे', म्हणजे एखादी गोष्ट दुसऱ्याची करणं.

हे लक्षात घेतलं की दोन्ही अर्थ एकाच जागेवरून निघालेले दिसतात. माणसाचं मन आपल्यापासून तुटून परकं होतं, तेव्हा तो 'दुरावला'. वस्तूची मालकी आपल्याकडून निघून परक्याकडे गेली, तर ती 'हस्तांतरित' झाली. रोमन लोक दोन्हींसाठी एकच क्रियापद वापरायचे.

या 'एलियस'ची आणखी दोन मुलं तुम्ही क्राइम सिरियलमध्ये रोज ऐकता. 'एलियस' हा शब्द आपण 'ऊर्फ' या अर्थाने वापरतो, म्हणजे त्याच माणसाचं दुसरं नाव. आणि 'एलिबाय' म्हणजे गुन्हा घडला तेव्हा आरोपी दुसरीकडे होता हा बचाव. एलियस, एलिबाय, एलियन आणि एलिअनेट, या चौघांच्या पोटात 'दुसरा' हा एकच अर्थ आहे.

लॅटिनमधून हा शब्द फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत आला. इंग्रजीत आधी 'टू एलियन' असं छोटं क्रियापदच वापरात होतं. जमीन 'एलियन करणे' म्हणजे ती दुसऱ्याच्या नावावर करणे. पुढे १६व्या शतकात 'एलिअनेट' हे लांब रूप रुळलं.

इंग्लंडच्या राजाला या शब्दाची एवढी काळजी का होती?

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमिनीचा अंतिम मालक राजा. त्याच्याखाली सरदार, सरदारांखाली त्यांची कुळं. प्रत्येक जमिनीच्या बदल्यात कोणीतरी कोणालातरी सेवा, सैनिक किंवा पैसा देणं लागायचं. कुळाने जमीन परस्पर दुसऱ्याला दिली तर ही साखळी तुटायची.

म्हणून १२७९ मध्ये राजा पहिला एडवर्ड याने चर्चला जमीन देण्यावर बंदी घातली. कारण सरळ होतं. माणूस मरतो, वारस येतो आणि त्या वेळी राजाला शुल्क मिळतं. चर्च मात्र मरत नाही. तिथे गेलेली जमीन कायमची अडकायची. या प्रकाराला 'मॉर्टमेन', म्हणजे 'मेलेला हात' असं नाव पडलं. त्या हातात गेलेली जमीन सुटत नाही, असा त्याचा अर्थ.

पुढे १२९० मध्ये दुसरा कायदा झाला आणि स्वतंत्र कुळांना आपली जमीन दुसऱ्याला देण्याची मुभा मिळाली. राजाकडून थेट जमीन घेणाऱ्यांना मात्र परवानगी काढावी लागे. या परवानग्यांची फी गोळा करायला १६व्या शतकात लंडनमध्ये एक स्वतंत्र कार्यालयच उघडलं. त्याचं नाव होतं 'एलिअनेशन ऑफिस'.

मग पुण्यात 'एलिअनेशन ऑफिस' कसं आलं?

पुण्यातल्या ज्या दप्तराला आपण पेशवे दप्तर म्हणतो, ते ब्रिटिश काळात 'एलिअनेशन ऑफिस' या नावाने ओळखलं जायचं. इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी १९३३ मध्ये या दप्तराची ओळख करून देणारी इंग्रजी पुस्तिका काढली, तिच्या नावातही 'एलिअनेशन ऑफिस, पूना' असेच शब्द आहेत.

पेशव्यांच्या कागदांचा आणि या शब्दाचा संबंध काय? उत्तर आहे इनाम.

इंग्रजांनी १८१८ मध्ये पेशवाई संपवली, तेव्हा हजारो गावं आणि जमिनी इनामात दिलेल्या होत्या. कुठे देवस्थानाला, कुठे देशमुख-देशपांड्यांना, कुठे शास्त्री-पंडितांना. अशा जमिनीचा सारा सरकारला पूर्ण मिळत नसे. सरकारने आपला साऱ्याचा हक्क दुसऱ्याला देऊन टाकलाय, म्हणून ही जमीन 'एलिअनेटेड'. मराठीत त्याला नेमका शब्द आधीपासून होता, 'दुमाला'. शिरूर तालुक्यातलं पिंपरी दुमाला अशा गावांच्या नावात तो आजही टिकून आहे.

कोणाचं इनाम खरं आणि कोणाचं खोटं हे तपासायला १८५२ मध्ये इनाम कमिशनचा कायदा झाला. पुरावा म्हणून पेशव्यांचे कागद लागायचे. म्हणून त्या दप्तराला एलिअनेशन ऑफिस हे नाव चिकटलं.

ही व्याख्या १८७९च्या मुंबई जमीन महसूल संहितेत आली आणि तिथून १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही. या संहितेच्या व्याख्यांमध्ये 'एलिअनेटेड' म्हणजे सरकारचा सारा घेण्याचा हक्क पूर्ण किंवा काही प्रमाणात दुसऱ्याकडे गेलेली जमीन.

म्हणजे जुन्या गॅझेटिअरमध्ये 'एलिअनेटेड व्हिलेज' असं वाचलंत तर गोंधळू नका. ते परग्रहावरचं गाव नाही, इनामाचं गाव आहे.

आज कायद्यात 'एलिअनेट'मध्ये काय काय येतं?

आता मुद्द्याचा भाग. आजच्या वापरात हा शब्द आपल्या मालमत्तेतला हक्क दुसऱ्याला देण्यासाठी येतो. सरकारी मराठीत त्याला 'अन्यसंक्रामण' म्हणतात. शब्द जड आहे, पण फोड सोपी आहे. अन्य म्हणजे दुसरा आणि संक्रामण म्हणजे एकाकडून पुढे जाणं. मूळ लॅटिनचा अर्थ त्यात बरोबर उतरलाय.

यात काय काय मोडतं?

• विक्री, म्हणजे खरेदीखत
• बक्षीस, म्हणजे बक्षीसपत्र
• अदलाबदल
• गहाण
• भाडेपट्टा

शेवटचे दोन प्रकार नीट वाचा. गहाण ठेवताना मालक तोच राहतो. भाडेपट्ट्यातही मालक तोच राहतो. सातबाऱ्यावर नाव बदलत नाही. तरीही मालकीतला एक तुकडा, म्हणजे जमीन कसण्याचा, वापरण्याचा किंवा कर्ज न फिटल्यास ती विकायला लावण्याचा हक्क दुसऱ्याकडे जातो. म्हणून अशा बंदीच्या संदर्भात 'एलिअनेट' हा शब्द 'विकणे'पेक्षा मोठा आहे.

आणि यात काय मोडत नाही? वारसा. वडील गेल्यावर जमीन मुलांच्या नावावर होते, ती कोणी कोणाला 'दिलेली' नसते. कायद्यानेच ती पुढे गेलेली असते. सरकारने धरणासाठी किंवा रस्त्यासाठी केलेलं भूसंपादनही वेगळं. त्याला स्वतंत्र कायदा आहे. सरदार सरोवरासाठी नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली, ती या संपादनाच्या वाटेने.

मालकाला 'विकू नको' असं सांगता येतं का?

साधारणपणे नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १० सांगतं की मालमत्ता देताना 'ही तू कधीच कोणाला द्यायची नाही' अशी सरसकट अट घातली, तर ती अट रद्दबातल. जमीन बाजारात फिरती राहिली पाहिजे, हा त्यामागचा विचार.

पण काही ठिकाणी कायदा स्वतःच मालकाचा हात धरतो.

एकत्र हिंदू कुटुंबाच्या जमिनीचा कर्ता ती मनाला येईल तेव्हा एलिअनेट करू शकत नाही. कुटुंबाची कायदेशीर गरज किंवा फायदा दाखवावा लागतो. सार्वजनिक ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. गावच्या मंदिराच्या जमिनीवरून होणाऱ्या भांडणांत हे कलम वारंवार ऐकू येतं.

तिसरं ठिकाण म्हणजे आदिवासींची जमीन. योगायोग असा की महसूल संहितेतही कलमाचा आकडा ३६च आहे.

पण आदिवासींच्या जमिनीवर बंधन का?

यासाठी थोडं मागे जावं लागेल.

इंग्रजांच्या काळात मोजणी झाली, जमिनीला सर्व्हे नंबर आणि सारा लागला, आणि जमीन कर्जासाठी तारण ठेवता येणारी वस्तू बनली. त्यासोबत सावकार आला. कर्ज थकलं की जमीन जायची. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सावकारांविरुद्ध उठाव सुरू झाला, तो दख्खनचे दंगे म्हणून ओळखला जातो. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. पंजाबात १९०० मध्ये जो कायदा झाला, त्याच्या नावातच 'एलिअनेशन ऑफ लँड' हे शब्द होते. मुंबई इलाख्यात १९०१ मध्ये महसूल संहितेत दुरुस्ती होऊन काही जमिनी कलेक्टरच्या परवानगीशिवाय हस्तांतरित करता येणार नाहीत, अशी तरतूद झाली.

तरीही जमिनी जात राहिल्या. जायची पद्धत ठरलेली होती. पावसाळ्याआधी बी-बियाण्याला किंवा घरात लग्न-आजारपणाला पैसे लागायचे. उसने पैसे घेताना कागदावर अंगठा लागायचा. घेणाऱ्याला वाटायचं हे कर्जाचं किंवा गहाणाचं लिखाण आहे. प्रत्यक्षात ते खरेदीखत निघायचं किंवा अशी मुदत खरेदी, की ठरलेल्या दिवशी पैसे परत आले नाहीत तर जमीन कायमची गेली. आणि मग त्याच शेतात तोच माणूस वर्षाच्या बोलीवर 'सालदार' म्हणून राबायचा.

आता पुन्हा त्या दोन अर्थांकडे पाहा. कागदावर 'एलिअनेट' म्हणजे हस्तांतरण. पण ज्याची जमीन गेली तो स्वतःच्या बांधावर परका झाला. कार्ल मार्क्सने कामगाराच्या बाबतीत जी 'एलिअनेशन'ची कल्पना मांडली, तिला मराठी समीक्षेत 'परात्मता' म्हणतात. माणूस जे पिकवतो किंवा घडवतो त्यापासूनच तो तुटतो, असा त्याचा अर्थ. शहाद्याच्या सालदाराला हे पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

शहाद्यात काय घडलं?

आजचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. त्याआधी शहादा, तळोदा हे धुळे जिल्ह्याचे तालुके होते. तापी आणि गोमाईच्या काठची काळी, कसदार जमीन, पण भिल्ल कुटुंबांच्या हातून ती मोठ्या प्रमाणावर निसटलेली.

१९७१ मध्ये शहादा तालुक्यातल्या पाटीलवाडीत गोळीबार होऊन एका आदिवासीचा जीव गेला. या घटनेनंतर भाग ढवळून निघाला. भिल्ल समाजातले कार्यकर्ते अंबरसिंग महाराज आधीपासून लोकांमध्ये काम करत होते. त्यांच्यासोबत सर्वोदयी कार्यकर्ते आणि पुण्या-मुंबईकडून आलेले तरुण जोडले गेले. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात 'भूमुक्ती मेळावा' झाला. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. बेकायदा गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात आणि सालदारांना नीट मजुरी मिळावी, या प्रमुख मागण्या होत्या. याच चळवळीतून वाहरू सोनवणे यांच्यासारखा आदिवासी कवी पुढे आला. अंबरसिंग महाराजांचं १९७४ मध्ये निधन झालं.

अशीच खदखद तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातही होती. पालघर भागात काळूराम धोदडे यांच्या नेतृत्वाखाली भूमिसेना उभी राहिली होती. आदिवासी खातेदारांच्या अडचणी तपासायला राज्य सरकारनेही १९७१ मध्ये समिती नेमली. या सगळ्यानंतर १९७४ साल उजाडलं.

१९७४ मध्ये नेमकं काय बदललं?

दोन गोष्टी झाल्या. एक पुढच्या व्यवहारांसाठी आणि एक मागच्या.

पहिली गोष्ट, ६ जुलै १९७४ पासून महसूल संहितेत कलम ३६अ आलं. त्यानुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा 'किंवा अन्यथा' जाऊ शकत नाही, जर पूर्वमंजुरी नसेल तर. ५ वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तर कलेक्टरची पूर्वमंजुरी. बाकी सगळ्या प्रकारांत कलेक्टरच्या मंजुरीआधी राज्य सरकारची मान्यताही हवी. कोर्टाच्या हुकूमनाम्यातून होणारी विक्रीसुद्धा यात धरली आहे.

शिवाय मंजुरी देण्याआधी कलेक्टरला खात्री करावी लागते की त्या गावात किंवा ५ किलोमीटरच्या आत ती जमीन घ्यायला कोणी आदिवासी तयार नाही.

'किंवा अन्यथा' हे शब्द लहान आहेत, पण जाळं मोठं आहे. यादीत नसलेला नवा मार्ग कोणी शोधला तरी तो पकडता यावा, म्हणून ते ठेवले आहेत.

दुसरी गोष्ट, अनुसूचित जमातींना जमीन परत देण्याचा १९७४चा कायदा. तो १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगरआदिवासीकडे गेलेली शेतजमीन परत देण्याची व्यवस्था त्यात होती. १ एप्रिल १९५७ हीच तारीख का? तो कूळ कायद्यातला 'कृषक दिन', ज्या दिवशी कसणारी कुळं मालक मानली गेली.

जमीन फुकट परत मिळत नव्हती. जमिनीच्या आकाराच्या, म्हणजे साऱ्याच्या ४८ पट रक्कम किंवा घेणाऱ्याने दिलेली मूळ किंमत, यातलं जे कमी ते, आणि वर त्याने केलेल्या सुधारणांची किंमत भरायची होती. जमीन स्वतः कसण्याची हमीही द्यायची होती.

जमिनी घेतलेल्यांनी या कायद्याला आव्हान दिलं. १९८४ मध्ये 'लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. समाजातल्या दुबळ्या घटकाची लुबाडणूक दुरुस्त करायला राज्य असा कायदा करू शकतं, हे त्यातून पक्कं झालं.

यातली एक तरतूद अनेकांना माहीत नसते. कलम ३६, ३६अ आणि ३६ब खाली कलेक्टरसमोर चालणाऱ्या प्रकरणात पक्षकाराच्या वतीने वकिलाला उभं राहण्याचा हक्क नाही. एका बाजूला महागडा वकील आणि दुसऱ्या बाजूला कोणीच नाही, असं होऊ नये हा हेतू. जमीन परत देण्याच्या कायद्यातल्या अशाच तरतुदीला १९८४च्या निकालात मान्यता मिळाली.

पेसा आणि वनहक्क कायद्यात हा शब्द कसा येतो?

राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत राज्यपालांना अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासींच्या जमीन हस्तांतरणावर बंदी किंवा निर्बंध घालण्याचा अधिकार आहे. नंदुरबारमधले नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. शहादा आणि नंदुरबार तालुक्यांतली काही गावंही आहेत.

१९९६चा पेसा कायदा याच क्षेत्राला लागू होतो. त्याच्या कलम ४ मध्ये ग्रामसभा आणि पंचायतींना जमिनीचं 'एलिअनेशन' रोखण्याचा आणि बेकायदा एलिअनेट झालेली आदिवासी जमीन परत मिळवून देण्यासाठी पावलं उचलण्याचा अधिकार दिला आहे. म्हणजे १३व्या शतकात ज्या शब्दावर इंग्लंडचा राजा पहारा देत होता, त्यावर पहारा देण्याचं काम इथे धडगावच्या पाड्यावरच्या ग्रामसभेकडे आलंय.

वनहक्क कायदा २००६ याहून कडक आहे. त्यात मिळालेला वनपट्टा 'हेरिटेबल' आहे, पण 'एलिअनेबल' नाही. वारसांना मिळेल, पण दुसऱ्याला देता येणार नाही. कलेक्टरची परवानगी घेऊनही विकण्याची वाट त्यात ठेवलेली नाही. आणि लग्न झालेलं असेल तर पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे असतो.

म्हणजे जमिनीच्या तीन पातळ्या झाल्या. साधी वर्ग १ची जमीन, जी मालक सहसा विकू शकतो. आदिवासी खातेदाराची जमीन, जी परवानगीशिवाय देता येत नाही. आणि वनपट्टा, जो देताच येत नाही.

सोशल मीडियावर फिरणारे काही गैरसमज

'आदिवासीची जमीन फक्त विकता येत नाही, भाड्याने देता येते.'
चूक. बिगरआदिवासीला भाड्याने द्यायलाही पूर्वमंजुरी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी आदिवासी शेतकऱ्यांना जमीन खासगी व्यक्तींना भाडेपट्ट्याने देणं सोपं करण्याची घोषणा केली, तेव्हा आदिवासी संघटनांमधून विरोध का उमटला, ते यावरून कळतं. समर्थन करणाऱ्यांचं म्हणणं होतं की पडीक जमिनीतून उत्पन्न मिळेल. विरोध करणाऱ्यांना भीती होती की भाड्याच्या वाटेने ताबाच जाईल. दोन्ही बाजू खरं तर 'एलिअनेट'च्या व्याख्येवरच भांडत होत्या.

'आदिवासीने आदिवासीला विकली तर परवानगी लागत नाही.'
हेही चूक. कलम ३६ खाली तिथेही कलेक्टरची पूर्वमंजुरी लागते.

'हे नियम फक्त डोंगराळ, अनुसूचित भागात लागतात.'
नाही. कलम ३६ राज्यात कुठेही असलेल्या आदिवासी खातेदाराच्या जमिनीला लागू आहे. जमीन नाशिक शहराजवळ असो की पुण्याजवळ.

'स्टॅम्प पेपरवर नोटरी केली की झालं.'
नाही. साध्या स्टॅम्पवरची साठेखतं, कुलमुखत्यारपत्रं आणि 'कायमचा ताबा दिला' अशी लिखाणं कलम ३६अ ला बगल देऊ शकत नाहीत. 'किंवा अन्यथा' हे शब्द आठवा.

'मग बँकेचं कर्जही मिळणार नाही.'
असं नाही. बँक, सहकारी संस्था किंवा सरकारकडून कर्ज घेताना जमीन तारण ठेवण्यासाठी कलम ३६ मध्येच वेगळी वाट आहे. तरीही अशी जमीन सहज विकता येत नाही, म्हणून बँका हात आखडता घेतात, ही तक्रार खरी आहे. संरक्षण देणारं बंधनच कधी कधी अडचण होतं, हा या कायद्यावरचा जुना आणि प्रामाणिक आक्षेप आहे.

सातबाऱ्यावर काय बघायचं?

जमीन घेणारे असाल, देणारे असाल किंवा घरातल्या कोणाचा व्यवहार चालू असेल, तर या गोष्टी आधी तपासा.

१. महाभूलेखवर सातबारा काढा. भूधारणा पद्धत 'भोगवटादार वर्ग १' आहे की 'वर्ग २', हे पाहा.

२. 'इतर अधिकार' हा रकाना शेवटपर्यंत वाचा. आदिवासी खातेदार, कलम ३६ किंवा ३६अ, नवीन शर्त, हस्तांतरणास बंदी असे शेरे बहुतेक वेळा इथे असतात. शेरा नसेल म्हणून जमीन मोकळी आहे, असंही धरू नका. खातेदार अनुसूचित जमातीचा असेल तर कायदा लागतोच.

३. जुने फेरफार काढा. जमीन पूर्वी कोणाच्या नावावर होती, कोणत्या वर्षी आणि कोणत्या कागदाने बदलली, ते तिथे कळतं. १९५७ आणि १९७४ ही दोन वर्षं लक्षात ठेवा.

४. कोणी इंग्रजी कागद पुढे केला आणि त्यात 'एलिअनेट', 'ट्रान्स्फर', 'लीज', 'मॉर्गेज' यातला शब्द दिसला, तर तो मराठीत समजून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा नको.

५. आपली किंवा घरातल्यांची जमीन मंजुरीशिवाय गेली आहे असं वाटत असेल तर तहसील किंवा कलेक्टर कार्यालयात लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. अर्जाला मुदतीची अट आहे आणि ती वेळोवेळी दुरुस्त्यांनी बदलत आली आहे, म्हणून उशीर नको. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. कलेक्टरसमोर वकील उभा राहू शकत नसला तरी सल्ला घ्यायला, अर्ज नीट लिहून घ्यायला अडचण नाही.

थोडक्यात सांगायचं तर

'एलिअनेट' म्हणजे आपलं ते दुसऱ्याचं करणं. विक्री हा त्याचा फक्त एक प्रकार. बक्षीस, गहाण, अदलाबदल, भाडेपट्टा हेही त्यातच येतात, वारसा मात्र येत नाही. लॅटिनमधला 'दुसरा' इंग्लंडच्या राजाच्या फीमधून पुण्याच्या इनाम दप्तरात आला आणि तिथून शहाद्याच्या शेतापर्यंत आणि धडगावच्या वनपट्ट्यापर्यंत पोहोचला.

पुढच्या वेळी कोणी म्हणालं, 'अहो, विकत थोडीच घेतोय, नुसतं भाड्याने तर घेतोय, सही करा', तर त्याला हा शब्द विचारा. आणि कलेक्टरच्या मंजुरीचा कागद दाखवायला सांगा.